ज्यूद्वेष येतो कुठून? सुप्याच्या कर्जरोख्यांपासून बर्लिनपर्यंत

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलवर हल्ला केला, त्यानंतर ‘अँटिसेमिटिझम’, म्हणजे ज्यूद्वेष, हा शब्द बातम्यांत रोज दिसू लागला. गाझातलं युद्ध, अमेरिकी विद्यापीठांतली आंदोलनं, युरोपातल्या सिनेगॉगबाहेरचा (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांबाहेरचा) पोलीस पहारा, प्रत्येक ठिकाणी तो येतोच. मराठी वाचकाला यातली एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर, त्यात ज्यू दीड कोटीच्या आसपास, म्हणजे हजारात दोन. एवढ्या थोड्या लोकांवर इतक्या देशांत, इतकी शतकं राग धरला गेला तो कशापायी? मग मनात हळूच एक उत्तर येतं: काहीतरी केलं असेलच की त्यांनी, आगीशिवाय धूर निघतो का?

समाजशास्त्रज्ञांनी गेली सव्वाशे वर्षं या प्रश्नावर काम केलं आहे आणि त्यांच्यात मतभेदही पुष्कळ आहेत. एका बाबतीत मात्र बहुतेकांचं एकमत आहे. आग शोधायची तर ज्यूंच्या घरात डोकावून काही हाती लागत नाही. द्वेष करणारा समाज त्या वेळी कोणत्या अवस्थेत होता, ते बघावं लागतं.

आधी शब्द

‘अँटिसेमिटिझम’ हा शब्द रूढ केला विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने. १८७९ साली त्याने बर्लिनमध्ये या नावाची संघटनाच काढली. ‘सेमिटिक’ हे खरं तर भाषाकुळाचं नाव. हिब्रू, अरबी, अरामी या त्यातल्या भाषा. जुन्या धार्मिक वैराला विज्ञानाचा मुलामा देणारा शब्द हवा होता, म्हणून हा उचलला गेला. “अरबसुद्धा सेमिटिकच, मग ते अँटिसेमाइट कसे?” असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण शब्दाची फोड करून इथे अर्थ लागत नाही. पहिल्या दिवसापासून त्याचा रोख फक्त ज्यूंवर होता. म्हणून पुढे ‘ज्यूद्वेष’ हाच शब्द वापरतो. ज्यू माणसाशी भांडण होणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. तो ज्यू आहे हेच भांडणाचं कारण झालं, की ज्यूद्वेष.

सुपे, १२ मे १८७५

पहिला सिद्धांत समजायला युरोपात जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि मारवाडी-गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि चोपड्या. हाती लागले तेवढे त्यांनी जाळले. काही घरं-दुकानंही लुटली, पेटवली. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. हेच दख्खनचे दंगे.

आता कारणं बघा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, उधारी सहज मिळू लागली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. त्यातच सरकारने फेरआकारणी करून शेतसारा वाढवला. सावकारांनी हात आखडता घेतला. शेतकऱ्याचा गळा तीन हात आवळत होते, पण लिव्हरपूलचा कापूसबाजार त्याला दिसत नव्हता आणि सारा ठरवणारा साहेब त्याच्या आवाक्याबाहेर होता. दारात रोज उभा राहायचा तो सावकार. चौकशी आयोगाने आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्या गावांत ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही होते, तिथेसुद्धा मार बहुधा मारवाड्यांनाच बसला. धंदा एकच, पण एक गावचा आणि एक बाहेरचा.

अशा गटाला समाजशास्त्रात ‘मध्यस्थ अल्पसंख्याक’ म्हणतात. एडना बोनासिच यांनी १९७३ साली या कल्पनेची नीट मांडणी केली. गट बाहेरून आलेला असतो. जमीन आणि सरकारी अधिकार त्याला बंद असतात. म्हणून तो व्यापार, सावकारी, वसुली अशा कामांत जातो, जिथे भांडवल उचलून नेता येतं. उधार-उसनवार आणि विश्वास नात्यागोत्यातच फिरतो, त्यामुळे धंदा टिकतो आणि बाकीच्यांना तो गट ‘आपल्यात न मिसळणारा’ वाटतो. वरच्यांना वसुलीसाठी तो सोयीचा असतो. खालच्यांना सत्तेचा चेहरा म्हणून फक्त तोच दिसतो. लोक उठले की वरचा बाजूला होतो. युगांडातून १९७२ साली इदी अमीनने ९० दिवसांची मुदत देऊन भारतीय वंशाच्या लोकांना हाकललं, त्यामागेही हीच रचना होती.

युरोपातल्या ज्यूंना जमीन मिळत नव्हती, कारागिरांच्या संघांची दारं बंद होती. ख्रिस्ती माणसाने व्याज घेण्याला चर्चचा विरोध होता. त्यामुळे काही ज्यू सावकारीत ढकलले गेले. सगळे नव्हे, आणि चोरून-लपून व्याज घेणारे ख्रिस्तीही होते. पोलंडमध्ये सरदार आपली गावं, गिरण्या, दारूचे गुत्ते ज्यूंना ‘अरेंदा’ने देत. अरेंदा म्हणजे आपल्याकडचा इजारा. तेव्हा पोलंडच्या सत्तेखाली असलेल्या युक्रेनी शेतकऱ्याला इजारदार रोज दिसे आणि सरदार वॉर्सात. १६४८ च्या उठावात ज्यूंची जी भयंकर कत्तल झाली, तिची एक मुळी इथे आहे.

सुप्याशी सर्वात जुळणारं उदाहरण मात्र इंग्लंडमधलं, यॉर्कचं आहे. मार्च ११९० मध्ये तिथले सुमारे १५० ज्यू किल्ल्याच्या बुरुजात कोंडले गेले. काहींनी आपल्याच हाताने जीव दिला, उरलेले मारले गेले. मग जमाव यॉर्कच्या मुख्य चर्चमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जरोखे त्याने जाळले. यावर राजाने काय केलं? ११९४ साली हुकूम काढला की यापुढे ज्यूंच्या प्रत्येक कर्जाची दुसरी प्रत सरकारी पेटीत ठेवायची. कारण ज्यूंवर कर बसवून त्या व्याजातला मोठा वाटा राजाच उचलत होता. माणसं मेली त्यापेक्षा येणं बुडालं हे त्याला अधिक लागलं.

सुप्यात जे झालं नाही ते

इथपर्यंत सुपे आणि यॉर्क शेजारी शेजारी उभे राहतात. पण सुप्यात रोखे जळले आणि राग बराचसा शमला. माणसं मारण्यावर जोर नव्हता. मारवाड्यांनी जग चालवायला घेतलंय, असं कुणी म्हटलं नाही. गाऱ्हाणं रोख्याचं होतं, त्यामुळे त्याच्यावर कायदाही करता आला. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. तो कायदा पुरेसा होता का, हा वाद वेगळा.

त्याच १८७९ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म मारची संघटना निघाली. तिच्या गाऱ्हाण्यात जाळण्यासारखा रोखाच नव्हता. जर्मनीत ज्यू होते शंभरात एक-सव्वा, आणि म्हणणं असं की ज्यूंनी जर्मनी जिंकली आहे! अशा गाऱ्हाण्यावर कोणता कायदा करणार?

ज्यूद्वेष आणि इतर पूर्वग्रह यांतला फरक समजून घ्यायचा तर इथे थांबावं लागतं. बहुतेक पूर्वग्रह वरून खाली बघतात: ते लोक घाणेरडे, आळशी, अडाणी. ज्यूद्वेष खालून वरही बघतो: ते लोक फार हुशार, फार श्रीमंत, पडद्यामागून सूत्रं हलवणारे. त्यामुळे द्वेष करणारा स्वतःला पीडित समजतो आणि त्याला आपली हिंसा बंडासारखी, न्यायासारखी वाटते.

मॉइश पोस्टोन या अभ्यासकाने १९८० च्या सुमारास याचा उलगडा असा केला. नव्या अर्थव्यवस्थेचा एक भाग हाताला लागतो: जमीन, यंत्र, घाम, माल. दुसरा दिसत नाही: व्याजदर, शेअरबाजार, चलनाची किंमत. गिरणी बंद पडते तेव्हा निर्णय कुठल्या तरी आकड्यांत झालेला असतो. आकड्यांची कॉलर धरता येत नाही. मग त्या अदृश्य सत्तेला माणसाचा चेहरा चिकटवला जातो, आणि युरोपात शतकानुशतकं पैशाशी जोडलेला चेहरा तयारच होता. नाझी प्रचारक ‘घडवणारं भांडवल’ आणि ‘ओरबाडणारं भांडवल’ अशी फोड करत. कारखानदार पहिल्यात, म्हणजे आपला. बँकर दुसऱ्यात, म्हणजे ज्यू. मजुराचं रक्त आटवणारा कारखानदार या हिशेबात सुटला. ज्यूंवर भांडवलशाहीचा आणि साम्यवादाचा आरोप एकाच दमात होतो, त्याचं मूळही हेच. देशांच्या सीमा न मानणारी, हाताला न लागणारी कुठलीही ताकद दिसली की तिला हाच चेहरा बसवला जातो.

“पण बँका त्यांच्याच आहेत ना?”

हा मेसेज मराठी गटांतही फिरतो, म्हणून दोन शब्द. रॉथशिल्ड घराण्याची पेढी एकोणिसाव्या शतकात खरोखर बलाढ्य होती. पाच भाऊ फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि नेपल्समध्ये बसले होते. आज मालमत्तेच्या हिशेबाने जगातल्या पहिल्या चार बँका चीनच्या आहेत आणि त्यांवर मालकी चिनी सरकारची आहे. एखाद्या धंद्यात एखाद्या समाजाची माणसं जास्त असणं हे वास्तव असू शकतं, आणि का जास्त आहेत याचं उत्तर बंद दारांच्या इतिहासात सापडतं. पण ‘त्या धंद्यात ज्यू बरेच आहेत’ इथून ‘सगळे ज्यू मिळून कट करताहेत’ इथे जाताना मधला पुरावा कुणी देत नाही. विसाव्या शतकात त्यासाठी ज्यूंच्या गुप्त बैठकांची बनावट इतिवृत्तं रशियात छापली गेली. ती १८६४ सालच्या एका फ्रेंच राजकीय पुस्तिकेतून उचललेली आहेत, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ सालीच उतारे शेजारी ठेवून दाखवलं. तरी ती अजून विकली जातात.

संकट आलं की

एमिल दुर्खाइम हे समाजशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक, आणि स्वतः एका रब्बीचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूचे, चिरंजीव. १८९४ साली कॅप्टन ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि पुढे सारा फ्रान्स दुभंगला. १८९९ मध्ये दुर्खाइमना याचं कारण विचारलं गेलं. त्यांचं उत्तर थोडक्यात असं: समाजाला वेदना होते तेव्हा ती कुणाच्या तरी माथी मारावीशी वाटते, आणि ज्यांच्याविषयी आधीच नावड आहे ते या कामी येतात. जर्मनांविरुद्धच्या १८७० च्या युद्धात हार होत असताना पूर्व फ्रान्समध्ये ज्यूंवर दोषारोप झालेले त्यांनी लहानपणी पाहिले होते.

काळाशी हे जुळतं. १८७३ साली व्हिएन्ना आणि बर्लिनचे शेअरबाजार कोसळले. सहा वर्षांत मारची संघटना निघाली आणि पाठोपाठ ज्यूंचे हक्क कापा म्हणणाऱ्या अर्जावर अडीच लाखांच्या आसपास सह्या झाल्या.

या सिद्धांतात एक भोक आहे. संकट ‘कधी’ हे सांगतं, ‘कोण’ हे सांगत नाही. आणि कधीकधी संकट यायच्या आधीच बळी दिला जातो. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ज्यूंना जाळण्यात आलं. आरोप असा की त्यांनी विहिरींत विष टाकून प्लेग आणला. त्या दिवशी प्लेग शहरात पोचलाही नव्हता. ज्यूही प्लेगने मरताहेत, हे पोप क्लेमेंट सहावे यांनी आदल्या वर्षी लेखी बजावलं होतं. शहरातल्या कर्जदारांची कर्जं मात्र त्या आगीत फिटली.

मिसळले तरी चालत नाही

“वेगळे राहतात म्हणून लोक चिडतात, मिसळून गेले तर कोण कशाला त्रास देईल?” हा आक्षेप समजूतदार वाटतो. इतिहास उलटं सांगतो. स्पेनमध्ये हजारो ज्यू ख्रिस्ती झाले आणि पदांवर चढू लागले, तेव्हा १४४९ साली टोलेडो शहराने नियम केला: रक्तात ज्यू असेल त्याला पद नाही. धर्म बदलता येत होता, म्हणून आता रक्त मोजायला घेतलं. जर्मनीत ज्यूंना १८७१ साली समान हक्क मिळाले, वेश-भाषेतला फरक मिटला, आणि मग वंशाची भाषा जोरात आली. खूण पुसट झाली की खूण शोधणारे अस्वस्थ होतात.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली ‘परका’ ही कल्पना मांडली. वाटसरू आज येतो, उद्या जातो. परका आज येतो आणि उद्याही राहतो. जवळ असून दूरचा, म्हणून त्याचं काय करायचं हे समाजाला ठरवता येत नाही. झिमेल जन्माने ज्यू घराण्यातले असले तरी त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. त्याच १९०८ साली हायडेलबर्गच्या प्राध्यापकपदासाठी त्यांचं नाव पुढे आलं, तेव्हा एका इतिहासकाराने लेखी अभिप्राय दिला की हा माणूस दिसण्या-बोलण्यात, विचारांत पुरता ज्यू आहे. पद मिळालं नाही.

तळघर नसलेलं घर

सगळ्यात बोलक्या उदाहरणांपैकी एक तिथलं आहे, जिथे ज्यू जवळपास उरलेलेच नव्हते. पोलंडमध्ये युद्धाआधी ३० लाखांहून जास्त ज्यू होते. त्यातल्या दहापैकी नऊ जणांना नाझींनी मारलं. कील्त्से शहरात जेमतेम काही शे जण परतले. जुलै १९४६ मध्ये आठ वर्षांचा एक मुलगा दोन दिवस घराबाहेर राहिला आणि परतल्यावर सांगितलं की ज्यूंनी मला तळघरात कोंडलं होतं. ख्रिस्ती मुलांचं रक्त ज्यू वापरतात ही अफवा इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात उठली होती. ती इथे तयार होतीच. ४ जुलैला पोलीस मुलाला घेऊन त्या घरी गेले. घराला तळघरच नव्हतं. तरीही संध्याकाळपर्यंत ४२ ज्यू मारले गेले, आणि मारणाऱ्यांत गणवेशातली माणसंही होती. परतलेले लोक आपली घरं-दुकानं मागतील, ही भीतीही त्या काळात पोलंडभर होती.

दुसरं उदाहरण शांततेच्या काळातलं, सुबत्तेतलं. मे १९६९, फ्रान्समधलं ऑर्लेआँ. शाळकरी मुलींमध्ये कुजबुज सुरू झाली की कपड्यांच्या अमुक दुकानांत ट्रायल रूममध्ये मुलींना गुंगीचं इंजेक्शन देऊन परदेशी विकतात. अशी सहा दुकानं सांगितली जात, बहुतेक ज्यूंची. महिनाअखेर दुकानांपुढे गर्दी जमली. शहरातली एकही मुलगी बेपत्ता नव्हती. पोलिसांकडे एकही तक्रार नव्हती. लोकांनी त्यातूनही अर्थ काढला: पोलिसांना पैसे चारलेत, पेपर विकत घेतलेत. समाजशास्त्रज्ञ एडगर मोरँ सहकाऱ्यांसह तिथे गेले. त्यांना दिसलं ते असं की भीती मुळात वेगळीच होती. मुली एकट्या फिरू लागल्या होत्या, नव्या फॅशनची दुकानं उघडली होती, आयांना धास्ती वाटत होती. पळवून नेण्याची कथा एका साप्ताहिकात नुकतीच छापून आली होती. ज्यू त्या कथेत नंतर येऊन बसले, कारण खलनायकाची जागा रिकामी होती.

मग ही खलनायकाची जागा इतकी टिकते कशी?

अर्थतज्ज्ञ निको फोइग्टलेंडर आणि हान्स-योआखिम फोट यांनी २०१२ साली जर्मन शहरांची आकडेवारी तपासली. प्लेगच्या वेळी ज्या शहरांत ज्यूंची कत्तल झाली, तिथे १९२० च्या दशकात ज्यूंवर हल्ले होण्याची शक्यता जास्त होती आणि १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतंही जास्त पडली होती. मध्ये ६०० वर्षं गेली, त्यातल्या कित्येक शहरांत शतकानुशतकं एकही ज्यू नव्हता. दूरच्या व्यापारावर जगणाऱ्या, ‘हान्सा’ या व्यापारी संघातल्या शहरांत मात्र हा धागा तुटलेला दिसला. म्हणजे ही गोष्ट रक्तात नाही, ती सवयीने पुढे जाते. विटेनबर्गच्या चर्चच्या भिंतीवर डुकरिणीला लुचणाऱ्या ज्यूंचं तेराव्या शतकातलं शिल्प आजही आहे. प्रार्थनेला जाणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी ते पाहिलं.

व्यक्तीच्या स्वभावात उत्तर शोधण्याचाही प्रयत्न झाला. जर्मन विचारवंत अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी १९५० साली मांडलं की वरच्यापुढे वाकणारा आणि खालच्याला दाबणारा स्वभाव द्वेषाला लवकर बळी पडतो. कल्पना कामाची आहे, पण त्यांच्या प्रश्नावलीत दोष होता. सगळी विधानं अशी होती की ‘हो’ म्हटलं की गुण वाढत. त्यामुळे हुकूमशाही स्वभाव आणि नुसती ‘हो’ म्हणायची सवय वेगळी काढता येईना.

इस्राएलवर टीका म्हणजे ज्यूद्वेष का?

नाही. गाझातल्या बॉम्बहल्ल्यांवर संतापणं, इस्राएल सरकारच्या धोरणाला विरोध करणं हे कुठल्याही सरकारविरोधी मतासारखंच मत आहे. ज्यूद्वेषाच्या २०१६ आणि २०२१ च्या दोन गाजलेल्या व्याख्यांत बरेच मतभेद आहेत, पण एवढं दोन्ही मानतात. ओळखायची खूण सोपी आहे. लंडनमधल्या ज्यू शाळेतल्या पोराला इस्राएल सरकारच्या निर्णयाचा जाब विचारला, किंवा टीकेत रक्तपिपासू, जगाच्या नाड्या हाती असलेले ज्यू हे जुनं चित्र शिरलं, की रेषा ओलांडली गेली. टीका दडपण्यासाठी हा शब्द फेकणारेही आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या ज्यूद्वेषाकडे बोट दाखवणं अवघड होतं.

कोकणात हे का घडलं नाही?

आता वर पाहिलेले सिद्धांत आपल्याच किनाऱ्यावर तपासू. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर, केहिमकर ही त्यांची आडनावं गावांवरून पडलेली. वसुलीची मक्तेदारी त्यांच्याकडे नव्हती, म्हणून मध्यस्थाचा राग त्यांच्या वाट्याला आला नाही. वेगळं खाणं आणि आपल्यातच लग्न ही गावातल्या प्रत्येक जातीची रीत होती, म्हणून त्यांचा वेगळेपणा कुणाला खुपला नाही. ज्यूंनी येशूला, म्हणजे देवाला मारलं, ही ख्रिस्ती जगातली कथा इथे कुणी सांगत नव्हतं. जातीच्या उतरंडीत तेल्याची जी जागा, ती मात्र त्यांनाही सोसावी लागली.

याच किनाऱ्यावर गोव्यात ती कथा जहाजाने आली होती. गार्सिया द ऑर्टा हा वैद्य १५३४ साली गोव्यात उतरला. आईबाप स्पेनमधून हाकललेले आणि पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले ज्यू. त्याने अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, मुंबई बेट पट्ट्याने घेतलं, तिथल्या आंब्यांबद्दल लिहिलं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मभ्रष्टांना शोधून शिक्षा देणाऱ्या न्यायासनाची, तिथे १५६० सालीच स्थापना झाली होती. ऑर्टा १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू ठरवून जाळलं. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली.

ते न्यायासन १८१२ साली कायमचं बंद झालं. मुंबईत तेव्हा सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेल्या सिनेगॉगमध्ये १६ वर्षं प्रार्थना चालू होती. प्रार्थना हिब्रूत व्हायची, आणि दारातून बाहेर पडणारी मंडळी मराठीत बोलत घरी जायची.